कै. गोपाळ गणेश आगरकर

कृष्णेच्या कांठीं, कऱ्हाडपासून थोड्याच अंतरावर, टेंभू नांवाचें एक लहानसें गांव आहे. ह्या गांवीं १४ जुलै १८५६ रोजीं एका गरीब ब्राह्मण कुटुंबांत गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. त्यांचें नांव आमच्या विद्यार्थी वाचकांस नवें नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत टिळकांच्या नांवाशेजारीं तें येतें. परीक्षेंत त्यांच्यावर चार ओळींची टीप लिहावयास सांगतात, आणि समाजसुधारक, पत्रकार, प्रिन्सिपॉल हे तीन शब्द उतरविले म्हणजे गुणही मिळतात. परंतु ह्या तीन शब्दांत आगरकर सांपडत नाहींत. ते तत्त्वज्ञान शिकलेले गृहस्थ होते आणि शिकलेलें तत्त्वज्ञान त्यांनीं कपाटांत कुलूप लावून ठेवलें नाहीं, ही त्यांच्या चरित्रांतील मुख्य गोष्ट होय. कॉलेजांत अंगीं बाणलेली विचार करण्याची रीत त्यांनीं सोवळ्याच्या धाबळीस लावली, देव्हाऱ्यास लावली, न्हाव्याच्या वस्तऱ्यास लावली आणि सरकारच्या कायद्यासही लावली. त्याची किंमत त्यांस काय पडली तें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

घरची स्थिति अगदीं बेताची असल्यामुळें त्यांचें बालपण कऱ्हाडास आजोळीं गेलें. तेथें इंग्रजी तीन इयत्ता झाल्यावर पुढची वाट बंद झाली. कारण पुढें शिकण्यास पैसा हवा होता आणि तो देणारें कोणी नव्हतें. तेव्हां मुलानें मामलेदार कचेरींत कारकुनीची उमेदवारी धरली. त्या काळीं गरिबाच्या मुलास कचेरींत लेखणी हातीं धरावयास मिळणें हेंच मोठें भाग्य समजत. बहुतेक मुलें तेथेंच थांबलीं असतीं. हा मुलगा थांबला नाहीं. पुढें शिकावयास मिळेल ह्या आशेनें तो सह्याद्रि ओलांडून पायीं रत्नागिरीस गेला. तेथें जम बसेना, तेव्हां तसाच परत आला आणि कऱ्हाडच्या दवाखान्यांत कंपौंडरचें काम करूं लागला. शेवटीं वऱ्हाडांत अकोल्यास आप्तांचा आश्रय मिळाला, आणि तेथून १८७५ सालीं तो मॅट्रिकची परीक्षा उतरला. अकोल्यास शिक्षक असलेले विष्णु मोरेश्वर महाजनी हे मोठे विद्वान् व रसिक गृहस्थ होते. त्यांनीं ह्या विद्यार्थ्याचें पाणी ओळखलें आणि त्यास पुढील शिक्षणासाठीं हात दिला. मुलगा एका वर्षीं मागें पडला म्हणजे त्याचें शिक्षण पुरें झालें असें समजणाऱ्या पालकांनीं कऱ्हाड, रत्नागिरी, कऱ्हाड, अकोला ही प्रदक्षिणा एकदां नकाशावर बोट फिरवून पाहावी.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आगरकरांचे दिवस कसे गेले ह्याविषयीं एक गोष्ट नेहमीं सांगण्यांत येते. अंगांत घालावयास सदरा एकच. रात्रीं तो धुवून वाळत घालावयाचा आणि सकाळीं तोच घालून वर्गांत जाऊन बसावयाचें. शिष्यवृत्ति, निबंधांचीं बक्षिसें आणि वर्तमानपत्रांत लिहून मिळालेले चार पैसे ह्यांवर त्यांचा निर्वाह चाले. दम्याचा विकारही त्यांस तरुणपणापासूनच जडला होता. अशा स्थितींत ते १८७८ सालीं बी. ए. झाले आणि १८८० सालीं इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम्. ए. झाले.

त्या वेळीं आमच्या कॉलेजांतील तरुणांवर मिल्ल आणि स्पेन्सर ह्या दोन इंग्रज तत्त्ववेत्त्यांचा मोठा पगडा होता. आगरकरांनीं त्यांपासून काय घेतलें हें थोडक्यांत सांगितल्याशिवाय त्यांचें पुढील आयुष्य समजणार नाहीं. कोणतेंही मत किती लोक मानतात किंवा किती काळ मानीत आले आहेत, ह्यावरून तें खरें ठरत नाहीं. त्यास पुरावा काय आहे तें पाहावें लागतें. आणि ज्या मतास कोणी विरोधच करूं शकत नाहीं तें मत मानणाऱ्याच्याही मनांत हळूहळू निर्जीव होऊन जातें, ही शिकवण मिल्लची. रूढि, संस्था, राज्यपद्धति, इतकेंच काय पण देवदेवतांच्या कल्पनाही सजीव प्राण्यांप्रमाणें कांहीं कारणांनीं उत्पन्न होतात, वाढतात आणि बदलतात, ही शिकवण स्पेन्सरची. ह्या दोहोंची सांगड घातली म्हणजे एक साधा प्रश्न हातीं येतो. ही चाल कोणत्या कारणासाठीं पडली, आणि तें कारण आज शिल्लक आहे काय? पुस्तकांत हा प्रश्न अगदीं निरुपद्रवी दिसतो. तो माजघरांत नेला म्हणजे काय होतें, तें आगरकरांनीं पुढें पाहिलें.

१८७९ च्या सुमारास टिळक कायद्याच्या अभ्यासासाठीं कॉलेजांतच राहत असत. दोघेही तरुण, दोघेही बुद्धिमान् आणि दोघेही वादांत हार न जाणारे. सरकारी नोकरी धरावयाची नाहीं आणि देशांतील मुलांस शिक्षण देण्यांत आयुष्य घालवावयाचें, असा निश्चय ह्या दोघांनीं केला. एम्. ए. झालेल्या मनुष्यास तेव्हां सरकारांत मोठ्या पगाराची जागा सहज मिळे, आणि टेंभूस त्यांची आई त्या दिवसाची वाट पाहत होती. आगरकरांनीं तीस पत्र लिहून कळविलें कीं मुलाची मोठी परीक्षा झाली म्हणून आतां घरांत द्रव्याचा ओघ सुरू होईल अशी आशा तिनें धरूं नये. पोटापुरतें मिळवून बाकीचा वेळ परहितांत घालविण्याचें त्यांनीं ठरविलें आहे. हें पत्र महाराष्ट्रांत फार प्रसिद्ध आहे आणि त्यांतील त्यागाची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस तें वाचतांना त्या माउलीची आठवण अधिक होते. तिनें त्यावर काय म्हटलें असेल?

१ जानेवारी १८८० रोजीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक ह्यांनीं तें सुरू केलें आणि एम्. ए. झाल्यावर आगरकर त्यांस येऊन मिळाले. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८८१ च्या जानेवारींत, 'केसरी' व 'मराठा' हीं दोन पत्रें निघालीं. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते. पत्रास दोन वर्षेंही झालीं नाहींत तोंच कोल्हापूर संस्थानाचे कारभारी बर्वे यांजविषयीं छापलेल्या मजकुरावरून टिळक व आगरकर ह्यांच्यावर बेअब्रूचा खटला झाला. ज्या पत्रांवर त्यांनीं भिस्त ठेवली होती तीं बनावट ठरलीं आणि १८८२ च्या जुलईंत दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. एकशें एक दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढून ते बाहेर आले. त्या दिवसांचें वर्णन आगरकरांनीं पुढें एका लहान पुस्तकांत केलें आहे. एका कोठडींत दोघे मित्र देशाच्या स्थितीविषयीं, धर्माविषयीं, सुधारणेविषयीं वाद घालीत, आणि तो वाद कधीं कधीं इतका चढे कीं पहाऱ्यावरचे लोक त्यांस गप्प करीत. पुढें ज्या वादानें दोघांची ताटातूट झाली त्याची पहिली फेरी तेथेंच झाली असें म्हणण्यास हरकत नाहीं. तेथें ऐकणारे मात्र पहारेकरी तेवढे होते.

पुढें २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. ह्याच काळांत आगरकरांनीं शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' नांवाचें भाषांतर १८८३ सालीं प्रसिद्ध केलें, आणि १८८८ सालीं वाक्यांच्या पृथक्करणावर एक व्याकरणाचें पुस्तक लिहिलें. वाक्यपृथक्करणाच्या तासास आमचे विद्यार्थी जे दीर्घ उसासे टाकतात त्यांचें थोडेंसें मूळ ह्या पुस्तकांत आहे, हें त्यांस कळल्यास आगरकरांविषयींचा त्यांचा आदर कदाचित् कमी होईल! पण तो मनुष्य तेथेंही तेंच करीत होता. उद्देश्य कोणतें, विधेय कोणतें, कोणता शब्द कोणावर अवलंबून आहे, हें वाक्यास विचारावयाचें. आणि तसेंच रूढीस विचारावयाचें.

आतां त्यांच्या लेखनाकडे वळूं. सोवळ्याविषयीं त्यांनीं लिहिलें तेव्हां सोवळें हा थट्टेचा विषय नव्हता. ब्राह्मणाच्या घरांतला सगळा दिवस त्याभोंवतीं फिरत असे. आगरकरांची विचारसरणी अशी. सोवळ्याचा मूळ हेतु शुद्धता. शुद्धता म्हणजे स्वच्छता. तेव्हां जें वस्त्र अधिक स्वच्छ तें अधिक सोवळें असलें पाहिजे. मग रोज धुतलेलें सुती धोतर कोणाचा स्पर्श होतांच ओंवळें, आणि महिनोगणती पाण्याचें तोंड न पाहिलेला मुकटा किंवा धाबळी पवित्र, हें कसें? जी चाल आपल्याच हेतूच्या उलट जाते ती हेतूसाठीं पाळली जात नाहीं, केवळ संवयीनें पाळली जाते. ह्या विचारांत एकही अवघड शब्द नाहीं. ज्या आजीबाईनें मिल्लचें नांव कधीं ऐकलें नाहीं तीसही तो कळेल, आणि कळल्यावर ती रागावेल. नेमकें तसेंच झालें.

स्त्रियांनीं चोळीपेक्षां अंग अधिक झांकणारें जाकीट घालावें असें त्यांनीं लिहिलें तेव्हां पुण्यांत हंशा पिकला. एम्. ए. झालेल्या संपादकानें बायकांच्या कपड्यांवर लेख लिहावा! परंतु आगरकरांस विषयांत लहानमोठें असें दिसत नव्हतें. पोशाख हवापाण्यास सोईचा असावा, शरीराचें रक्षण करणारा असावा, सभ्य असावा. ह्या कसोटीस जो उतरत नाहीं तो केवळ आजीनें नेसला म्हणून नातीनेंही नेसावा हें त्यांस पटेना. मुलामुलींस एकच शिक्षण द्यावें आणि तेंही एकत्र द्यावें, असेंही त्यांनीं मांडलें. ज्या काळीं मुलगी शाळेंत जाणें हीच नवलाई होती त्या काळीं हें लिहिणें म्हणजे वेडेपणा समजला गेला. ह्या पानाच्या वाचकांत मुली आहेत आणि मुलगेही आहेत, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांस दाखवितां आली असती तर मौज वाटली असती.

परंतु सर्वांत जड प्रश्न विधवांचा होता. आठ-दहा वर्षांच्या मुलींचीं लग्नें होत. नवऱ्याचा चेहरा नीट आठवण्याच्या आंतच कित्येकींवर वैधव्य येई. आणि मग केशवपन, एक लुगडें, एक वेळचें जेवण, आणि शुभकार्यांत तोंड न दाखविणें, असें उरलेलें सगळें आयुष्य. आगरकरांनीं येथें जो तर्क चालविला तो तराजूचा होता. बायको मेली म्हणजे नवरा डोकें भादरून कोपऱ्यांत बसतो काय? तो तर महिन्या दोन महिन्यांत दुसऱ्या लग्नाची वाटाघाट सुरू करतो. दुःख दोघांचें सारखें मानलें तर दुःखाचीं चिन्हें एकीवरच कां? पति-पत्नीचें नातें जन्मोजन्मींचें असेल तर तें दोन्ही बाजूंनीं जन्मोजन्मींचें असावयास पाहिजे. एका पारड्यांत घातलेलें वजन दुसऱ्यांत घालून पाहणें, एवढीच ही युक्ति. पण त्या वेळीं ज्या घरांत अशी एक तरी लाल लुगडें नेसलेली मुलगी नव्हती अशीं घरें थोडीं होतीं, आणि म्हणूनच हे लेख इतके झोंबले. आमच्या मतें त्यांच्या सर्व लेखनांत हे लेख पहिल्या प्रतीचे होत. उपहासाचा मोह त्यांस इतरत्र पुष्कळदां आवरत नाहीं. त्यांचे कांहीं टोमणे असे आहेत कीं त्यांनीं मन वळण्याऐवजीं अधिकच कठीण झालें असेल. विधवांविषयीं लिहितांना मात्र त्या उपहासाखालीं दुःखाचा झरा वाहत असलेला दिसतो.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या काळचे दुसरे सुधारक, न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर यांसारखे थोर पुरुष, सुधारणेस जुन्या ग्रंथांचा आधार शोधीत. पूर्वीं स्त्रिया शिकत होत्या, प्रौढ विवाह होत होते, असें दाखवून ते लोकांस समजावीत. ही वाट सौम्य होती आणि तिनें पुष्कळ लोकांचें समाधानही होई. आगरकरांस ती मान्य नव्हती. एखादी गोष्ट हिताची असेल तर ग्रंथाची परवानगी येईपर्यंत थांबावयाचें कां, आणि अहिताची असेल तर ग्रंथांत सांपडली म्हणून ती हिताची कशी होईल? विरोधक एक वचन काढतात, सुधारक दुसरें काढतात, आणि तोंपर्यंत मुलगी कोपऱ्यांत बसून राहते. प्रश्न माणसाच्या सुखदुःखाचा आहे. तो माणसाच्या बुद्धीनें सुटावा, असें त्यांचें म्हणणें होतें.

हीच रीत त्यांनीं देवाधर्मास लावली. 'देवतोत्पत्ति' ह्या निबंधांत देवतांची कल्पना मनुष्याच्या मनांत कशी उगवली असावी ह्याचा विचार त्यांनीं स्पेन्सरच्या मार्गानें केला आहे. रानटी स्थितींतील मनुष्यास स्वप्नांत मेलेला बाप दिसतो. पाण्यांत आपलें प्रतिबिंब दिसतें. उन्हांत सांवली बरोबर चालते. ह्यावरून देहाहून निराळें असें कांहीं तरी आपल्यांत आहे, आणि तें मरणानंतर फिरत राहतें, असें त्यास वाटूं लागतें. मग त्याची भीति, मग त्याची मनधरणी, आणि पुढें त्यांतून पूजा. हा सिद्धांत सर्वस्वीं बरोबर आहे असें आज विद्वान् मानीत नाहींत. धर्माच्या उगमाचा प्रश्न स्पेन्सरला वाटला त्यापेक्षां पुष्कळ गुंतागुंतीचा आहे. पण मराठींत हा प्रश्न भूगर्भशास्त्रांतील किंवा वनस्पतिशास्त्रांतील प्रश्नाप्रमाणें शांतपणें विचारतां येतो, हें त्या निबंधानें दाखविलें. आगरकर स्वतः अज्ञेयवादी होते. जें जाणण्याचें साधन मनुष्यापाशीं नाहीं त्याविषयीं होय किंवा नाहीं असें ठामपणें म्हणूं नये, अशी त्यांची वृत्ति होती, आणि कोणत्याही धर्माच्या ग्रंथास त्यांनीं परीक्षेंतून सूट दिली नाहीं. आमच्या शाळेचा दिवस प्रार्थनेनें सुरू होतो, तेव्हां अशा गृहस्थाचें चरित्र ह्या वार्षिकांत कां, असें एखादा पालक विचारील. ज्या श्रद्धेस प्रश्न विचारलेला सोसत नाहीं ती श्रद्धा मुलाबरोबर शाळेच्या फाटकाबाहेर फार दूर जात नाहीं, असें आम्हांस वाटतें, म्हणून.

राजकारणांतही त्यांची कसोटी बदलली नाहीं. परकी राज्याखालीं देशांत वाढणारें दारिद्र्य, रयतेवरचा करांचा बोजा, ह्यांविषयीं त्यांनीं स्पष्ट लिहिलें; सरकारची खुशामत त्यांच्या लेखणीस ठाऊक नव्हती. परंतु सरकारास जाब विचारणाऱ्यानें आपल्या घरांतही जाब दिला पाहिजे, असें ते म्हणत. जेथें सून सासूस भिते, बायको नवऱ्यास भिते, नवरा जातीच्या पंचांस भितो आणि पंच भटजीस भितात, तेथें वरिष्ठांपुढें मान वांकविण्याची संवय पाळण्यांतच लागते. तें सबंध राष्ट्रच गुलामांचें होतें. अशा राष्ट्रास स्वातंत्र्य मिळालें तरी तें कोणाच्या हातीं राहील?

टिळकांची दृष्टि निराळी होती. समाजांत बदल हवे आहेत हें त्यांस मान्य होतें. पण ते लोकांच्या शिक्षणानें, लोकांच्या कलानें व्हावे, आणि परक्या सरकारास कायद्याचा हात आमच्या घरांत घालूं देऊं नये, असा त्यांचा आग्रह होता. ह्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें कोणीं समजूं नये. ज्याच्यापासून सत्ता परत मिळवावयाची त्याच्याच हातीं आणखी सत्ता देणें ही लहान गोष्ट नव्हे. १८८४ सालीं मुंबईचे पारशी गृहस्थ बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य ह्यांविरुद्ध टिपणें प्रसिद्ध केल्यापासून हा वाद पेटला. 'केसरी'च्या मंडळींतही तट पडले. आपल्या मनांतलें आपल्याच पत्रांत लिहितां येत नाहीं असें झालें, तेव्हां १८८७ च्या अखेरीस आगरकरांनीं 'केसरी' सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजीं 'सुधारक' नांवाचें स्वतःचें पत्र काढलें. त्याची इंग्रजी बाजू बावीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले पाहत असत. इकडे सोसायटींत पैशाच्या व नियमांच्या प्रश्नांवरूनही मतभेद विकोपास गेले आणि १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटींतून बाहेर पडले. डोंगरीच्या कोठडींत एका घोंगडीवर बसणारे दोघे मित्र आतां एकाच शहरांतून दोन पत्रांनीं एकमेकांवर शरसंधान करूं लागले.

संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीं ह्या भांडणाचा कळस झाला. कलकत्त्याकडे एका बालवधूचा पतीच्या घरीं मृत्यु झाला होता आणि तो खटला १८९० सालीं कोर्टापुढें आला. त्यानंतर विवाहित मुलीच्या संमतीचें वय १० वरून १२ करण्याचा कायदा १८९१ च्या मार्चांत मंजूर झाला. पुण्यांत सभा उधळल्या गेल्या, शास्त्रार्थांचे खल झाले, आणि धर्म बुडाला अशी आरोळी उठली. आगरकर कायद्याच्या बाजूस होते. सहगमनाची चाल १८२९ सालीं कायद्यानेंच बंद झाली आणि तिच्यामुळें धर्म बुडाला नाहीं, ह्याची आठवण सुधारकपक्ष देत असे.

आणि तरीही ह्याच आगरकरांच्या घरीं काय चाललें होतें? त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या व श्रद्धाळू होत्या. त्यांचीं व्रतवैकल्यें चालत आणि आगरकर त्यांस आडकाठी करीत नसत. त्यांच्या शत्रूंनीं ह्याचा उपयोग करून घेतला: बाहेर सुधारणेचा डंका आणि घरांत सोवळें! वरवर पाहतां हा आक्षेप बिनतोड वाटतो. आम्हीं त्यावर बराच विचार केला आहे. यशोदाबाई ह्या जाणत्या होत्या. पतीचीं मतें त्या रोज ऐकत होत्या आणि तीं त्यांस पटत नव्हतीं. त्यांच्यावर तीं लादणें म्हणजे ज्या जुलमाविरुद्ध आगरकर लिहीत होते तोच जुलूम स्वतः करणें झालें असतें. दहा वर्षांच्या मुलीची गोष्ट निराळी. तिला कोणी विचारलेलेंच नव्हतें, आणि विचारलें असतें तरी उत्तर देण्याचें तिचें वय नव्हतें. जो आपलें मन बनवूं शकतो त्यास समजावावें. ज्याच्या वतीनें दुसरेच सगळें ठरवीत आहेत त्याच्या रक्षणास कायदा असावा. आगरकरांच्या वागण्यांत विसंगति शोधणारांस ही रेषा दिसली नाहीं. अर्थात् ही रेषा आखून यशोदाबाईंच्या वाट्यास आलेलें दुःख कमी होत नाहीं. पतीस लोक धर्मबुडव्या म्हणत, सोयरेधायरे दूर राहत, आणि ज्या मतांसाठीं हें सगळें सोसावयाचें तीं मतें त्यांचीं स्वतःचीं नव्हतीं. त्यांच्या सहनशीलतेची दखल आगरकरांच्या चरित्रांतून फार थोडी घेतली गेली आहे.

लोकांचा राग किती होता हें एका प्रसंगावरून दिसतें. आगरकर जिवंत असतांनाच पुण्यांतील कांहीं लोकांनीं त्यांच्या नांवाची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या दारावरून नेली. घरांत बायकामुलें होतीं. आगरकरांनीं ती पाहिली, आणि पुढच्या आठवड्यास 'सुधारक'चा अंक नेहमींप्रमाणें निघाला.

१८९२ सालीं प्रिन्सिपॉल वामन शिवराम आपटे वारले आणि फर्ग्युसन कॉलेजचें प्रमुखपद आगरकरांकडे आलें. दिवसा कॉलेज, रात्रीं पत्राचें लेखन, आणि जोडीस दमा. धाप लागली म्हणजे निजतां येत नसे. मग बसूनच रात्र काढावयाची. सरकारी नोकरींत गेले असते तर विश्रांति व हवापालट दोन्ही मिळालीं असतीं. १७ जून १८९५ रोजीं त्यांचें देहावसान झालें; वयास एकोणचाळीस वर्षें पुरीं होण्यास अद्याप महिना राहिला होता. आपल्या दहनास लागणारे रुपये त्यांनीं अगोदरच एका पुडींत बांधून ठेवले होते, असें सांगतात. घरांत दुसरी शिल्लक फारशी नव्हती.

'केसरी' तेव्हां टिळकांच्या हातीं होता. ज्या पत्राचे पहिले संपादक आगरकर, त्याच पत्रांत त्यांचा मृत्युलेख टिळकांनीं लिहिला.